एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलमध्ये पहिल्यांदा जाताना: दावा करणाऱ्यांसाठी आणि दावा अंगावर आलेल्यांसाठी

एका रविवारी संध्याकाळी एका ताईंचा फोन आला. केअर होममध्ये तीन वर्षं नोकरी, मग औषधांच्या नोंदीतल्या एका चुकीवरून चौकशी आणि शेवटी घरी आलेलं दीड पानाचं पत्र: आजपासून कामावरून कमी. "दादा, कंपनीतच अपील केलंय. त्याचा निकाल आला की मग ट्रायब्युनलचं बघू म्हटलं." मी विचारलं, पत्रावर तारीख काय आहे? त्यांनी ड्रॉवर उघडल्याचा, कागद उलगडल्याचा आवाज आला. तारीख साडेचार महिन्यांपूर्वीची होती. चौकशी कशी अर्धवट झाली, कुणाला विचारलंच नाही, हे सगळं त्या सांगत होत्या आणि मुद्दे खरोखर दमदार होते. पण ते ऐकून घेणाऱ्या खोलीचं दार दीड महिन्यापूर्वीच बंद झालं होतं.

मी इथे ब्रिटनमध्ये बरीच वर्षं युनियनचा प्रतिनिधी म्हणून लोकांसोबत या वाटेनं गेलो आहे. नर्स, केअरर, आयटीतली मुलं, हॉटेलात काम करणारे, आणि दोन-तीनदा तर आपलेच छोटे मालक, ज्यांच्यावर दावा आला होता. पहिल्यांदा जाणाऱ्याला जे कुणी सांगत नाही, ते इथे क्रमानं सांगतो. हे इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडपुरतं आहे. उत्तर आयर्लंडची व्यवस्था वेगळी आहे.

आधी भीती घालवू

ट्रायब्युनल हे कोर्टच, पण फक्त कामाच्या ठिकाणच्या वादांसाठी. १९६४ च्या कायद्यानं ती 'इंडस्ट्रियल ट्रायब्युनल' म्हणून सुरू झाली, १९७१ च्या कायद्यानं अन्यायानं कामावरून काढल्याबद्दल दाद मागायचा हक्क आला, आणि १९९८ च्या कायद्यानं आजचं नाव मिळालं. इथे न्यायाधीश झगा-टोप घालत नाहीत. वकील लागतोच असं नाही; कितीतरी लोक स्वतः उभे राहतात.

फी नाही. जुलै २०१३ मध्ये सरकारनं फी बसवली होती, काही दाव्यांना सगळी मिळून १,२०० पौंडांपर्यंत. दाव्यांची संख्या धाडकन खाली आली. युनिसन ही युनियन लढत लढत सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि २६ जुलै २०१७ रोजी कोर्टानं ती फी बेकायदा ठरवली, कारण तिच्यामुळे सामान्य माणसाला न्यायापर्यंत पोचताच येत नव्हतं. आज दावा दाखल करायला एक पेनीही लागत नाही, ती या निकालामुळे. मला या निकालाचं मोल फार वाटतं.

आणि हरलात तर समोरच्याच्या वकिलाचा खर्च सहसा तुमच्या डोक्यावर येत नाही. ज्याचा त्याचा खर्च ज्यानं त्यानं सोसायचा, हा इथला रिवाज. अपवाद आहे: दावा मुळातच तग धरण्यासारखा नसेल, किंवा तुम्ही त्रास देण्यासाठी, अवाजवी वागून चालवला असेल, तर खर्च लादता येतो. मालकाचे वकील पत्रातून या खर्चाची धमकी बऱ्याचदा देतात. पत्र आलं म्हणून हातपाय गाळू नका, पण दुर्लक्षही करू नका. एखाद्या जाणकाराला दाखवा.

तारीख

दावा दाखल करायची मुदत साधारणपणे तीन महिने वजा एक दिवस. १४ जानेवारीला कामावरून काढलं, तर १३ एप्रिल हा शेवटचा दिवस. त्या दिवसाच्या आत निदान अकासशी (कामाच्या ठिकाणचे वाद मिटवायला मदत करणारी संस्था, तिच्याबद्दल पुढे येतं) संपर्क व्हायलाच हवा. रिडंडन्सीचा भत्ता (कंपनीला ती जागाच नको झाली म्हणून नोकरी गेली तर मिळणारा) आणि समान वेतन यांना सहा महिने मिळतात. बाकी बहुतेक सगळ्याला तीन. २०२५ च्या एम्प्लॉयमेंट राइट्स ॲक्टनं ही मुदत सहा महिन्यांवर न्यायचं ठरवलं आहे, पण तो बदल तुमच्या तारखेला लागू आहे याची अकासच्या फोनवर खात्री होईपर्यंत तीनच धरून चला.

तीन ठिकाणी माणसं फसतात. पहिलं, त्या ताईंसारखं: कंपनीतलं अपील किंवा ग्रीव्हन्स, म्हणजे कंपनीकडे केलेली तक्रार, चालू असलं तरी घड्याळ थांबत नाही. एचआर गोड बोलून "पुढच्या आठवड्यात निकाल देतो" म्हणत राहतं आणि आठवडे संपतात. दुसरं, नोटीस न देता काढलं असेल तर मुदत काढल्याच्या दिवसापासून चालू होते, शेवटचा पगार जमा झाल्यापासून नाही. तिसरं, भेदभावाच्या तक्रारीत प्रत्येक घटनेची मुदत वेगळी मोजली जाऊ शकते. घटना एकाच साखळीतल्या आहेत हे दाखवता आलं तर शेवटच्या घटनेपासून मोजता येतं, पण त्या भरवशावर राहू नका.

उशीर झालाच, तर भेदभावाच्या दाव्यात ट्रायब्युनल "न्याय्य वाटलं तर" मुदत वाढवू शकते. कामावरून काढल्याच्या दाव्यात मात्र कसोटी कडक आहे: वेळेत दाखल करणं व्यवहारात शक्यच नव्हतं, हे सिद्ध करावं लागतं. "मला माहीत नव्हतं" एवढ्यानं क्वचितच भागतं. आणि गैरव्यवहार उघड केल्यामुळे काढलं असेल व निकालापर्यंत पगार चालू ठेवण्याचा तातडीचा आदेश हवा असेल, तर त्या अर्जाला फक्त सात दिवस आहेत.

दावा बसतो का

आधी बघा, तुम्ही कायद्याच्या दृष्टीनं कोण आहात: एम्प्लॉयी (नोकरीच्या करारावरचा), वर्कर (स्वतः काम करून देणारा, पण हक्क थोडे कमी असलेला), की स्वतंत्र व्यावसायिक. करारावर 'सेल्फ एम्प्लॉइड' लिहिलं म्हणजे संपलं असं नाही. उबरच्या चालकांच्या खटल्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं कागदापेक्षा प्रत्यक्ष कामाची रीत पाहिली आणि त्यांना वर्कर ठरवलं.

अन्यायानं कामावरून काढलं हा दावा फक्त एम्प्लॉयीला करता येतो, आणि त्याला सध्या दोन वर्षांची नोकरी लागते. १ जानेवारी २०२७ पासून ही अट सहा महिन्यांवर येते. पण ज्या गोष्टींना कसलीच अट नाही त्या लोक विसरतात: थकलेला किंवा कापलेला पगार, सुट्टीचा पगार, किमान वेतन, गरोदरपणामुळे काढणं, हक्क मागितला म्हणून काढणं, आणि इक्वॅलिटी ॲक्ट २०१० खालचा वंश, लिंग, धर्म, वय, अपंगत्व वगैरेंवरचा भेदभाव. पहिल्या दिवशीच भेदभाव झाला तरी दावा होतो.

आपल्या लोकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. त्या कायद्यात जात हा शब्द स्वतंत्रपणे दिलेला नाही. पण २०१४ साली एम्प्लॉयमेंट अपील ट्रायब्युनलनं, भारतातून घरकामाला आणलेल्या एका आदिवासी बाईच्या खटल्यात, जात 'वांशिक मूळ' या कलमात बसू शकते असं म्हटलं. पुढे त्या बाईंना फक्त किमान वेतनापोटी १,८०,००० पौंडांहून जास्त रक्कम मंजूर झाली. आडनाव विचारून कुणी तुम्हाला शिफ्टमध्ये, बढतीत, जेवणाच्या टेबलावर वेगळं वागवत असेल, तर "इथे त्याला कायदा नाही" असं कुणी सांगितलं म्हणून गप्प बसू नका.

आता एक मोठा गैरसमज. गैरवर्तनाच्या आरोपावरून काढलं असेल, तर ट्रायब्युनल "तुम्ही ते केलं का?" हा प्रश्न सोडवत नाही. १९७८ च्या बर्चेल खटल्यापासून कसोटी अशी आहे: मालकाचा तुमच्या दोषावर खरोखर विश्वास होता का, त्याला वाजवी आधार होता का, आणि पुरेशी चौकशी केली होती का. न्यायाधीश स्वतःला मालकाच्या खुर्चीत बसवत नाहीत. एखाद्या समंजस मालकाच्या वागण्याच्या चौकटीत हे बसतं का, एवढंच बघतात. म्हणून "मी निर्दोष आहे" हे शंभर वेळा लिहिण्यापेक्षा "रात्रपाळीच्या सिस्टरला विचारलंच नाही, सीसीटीव्ही मागवलं नाही, आरोप आधी लेखी दिला नाही" हे एकदा नीट लिहा. केस त्यावर उभी राहते.

अकास

दाव्याआधी अकास या सरकारी पण निष्पक्ष संस्थेला कळवणं सक्तीचं आहे. ऑनलाइन फॉर्म दहा मिनिटांत भरून होतो. त्यांचा कन्सिलिएटर दोन्हीकडे फोन करून तडजोड होते का बघतो. तो तुमचा वकील नाही आणि न्यायाधीशही नाही. त्याच्यामार्फत झालेलं बोलणं पुढे ट्रायब्युनलसमोर पुरावा म्हणून आणता येत नाही, तेव्हा मोकळेपणानं बोला. हा काळ १ डिसेंबर २०२५ पासून बारा आठवड्यांपर्यंत चालू शकतो. तडजोड नको असेल तर अकासकडे कळवल्याचं सर्टिफिकेट लगेच मागा, मिळतं; दाव्यात ते लागतं.

या काळात घड्याळ थांबतं. वरचंच उदाहरण घेऊ. १३ एप्रिलची मुदत, १ मार्चला अकासला कळवलं, २९ मार्चला सर्टिफिकेट आलं. मधले २८ दिवस मुदतीत मिळवले की ११ मे. शेवटच्या घटकेला, १२ एप्रिलला कळवलं आणि १० मेला सर्टिफिकेट आलं, तर सर्टिफिकेटपासून एक महिना, म्हणजे १० जून. हे गणित घातलं तरी मी लोकांना सांगतो, सर्टिफिकेट आलं की आठवड्याच्या आत दावा टाका. मुदत उलटल्यावर अकासला कळवलं तर ती पुन्हा जिवंत होत नाही.

मालकाचं नाव अचूक द्या. दुकानाच्या पाटीवरचं नाव आणि कंपनीचं नाव वेगळं असतं. पेस्लिप, पी६० (वर्षाच्या पगार-कराचा कागद) आणि कंपनीज हाउसची (कंपन्यांची सरकारी नोंदवही) नोंद ताडून बघा. सर्टिफिकेटवर आणि दाव्यात तेच नाव हवं.

ईटी१ भरताना

दाव्याचा फॉर्म म्हणजे ईटी१. त्यातला 'काय घडलं' हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. इथे जे लिहिलं नाही ते नंतर घुसवायला परवानगी मागावी लागते, आणि ती मिळेलच असं नाही.

आपल्याला सवय असते अर्ज विनंतीच्या सुरात लिहायची: घरची परिस्थिती, आईचं आजारपण, किती निष्ठेनं काम केलं. खरं आहे सगळं, पण न्यायाधीशाला तारखा हव्यात. वेगळा कागद जोडा आणि परिच्छेदांना क्रमांक द्या. "मॅनेजर सतत अपमान करायचे" याच्याऐवजी: "६ नोव्हेंबरला दुपारी हँडओव्हरच्या वेळी वॉर्ड मॅनेजर अमुक म्हणाल्या, तिथे दोन सहकारी हजर होते, त्याच रात्री मी ईमेल केला." शेवटी दाव्यांची नावं स्पष्ट लिहा: अन्यायानं काढणं, वंशावरून थेट भेदभाव, कापलेला पगार, सुट्टीचा पगार. नाव न घेतलेला दावा धरला जाईल ही आशा ठेवू नका.

दुभाषा हवा असेल तर याच फॉर्ममध्ये मागा, फुकट मिळतो. 'मराठी' असं लिहा. हिंदी येतं म्हणून हिंदीवर भागवू नका. ताणाखाली माणूस आपल्याच भाषेत नीट बोलतो.

फॉर्म भरण्याआधी किंवा सोबतच, कंपनीकडे तुमच्याबद्दलची सगळी माहिती मागा. त्याला सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट म्हणतात, फी नाही, आणि सहसा एका महिन्यात द्यावी लागते. एचआर आणि मॅनेजर यांच्यातले तुमच्याबद्दलचे ईमेल त्यातून हाती येतात. एका मुलाच्या फाइलमध्ये चौकशी सुरू होण्याच्या दोन दिवस आधीचा ईमेल निघाला, "त्याच्या जागी कुणाला घ्यायचं" असा. पुढचं बोलणं फार सोपं झालं.

मदत कुठे? युनियन, सिटिझन्स ॲडव्हाइस, लॉ सेंटर. आणि घराच्या विम्याचा कागद काढून बघा. त्यात कायदेशीर खर्चाचं कलम अनेकांकडे असतं आणि त्यांना ते ठाऊकच नसतं.

मधले महिने: बंडल आणि स्टेटमेंट

दावा स्वीकारला की मालकाचं उत्तर येतं, मग बहुधा फोनवर किंवा व्हिडिओवर एक प्राथमिक सुनावणी. तिथे वादाच्या मुद्द्यांची यादी ठरते आणि कुणी काय कधी द्यायचं याचे आदेश निघतात. ही यादी म्हणजे तुमच्या खटल्याचा कणा. आदेशातल्या प्रत्येक तारखेला मोबाइलमध्ये दोन गजर लावा. अंतिम सुनावणीला कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त लागतं. मन तयार ठेवा.

दोन्ही बाजूंनी कागद एकमेकांना द्यायचे असतात, आपल्याविरुद्ध जाणारेही. त्यांची पानांवर क्रमांक घातलेली एकच फाइल होते, तिला बंडल म्हणतात. व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट देताना तारीख आणि नाव दिसू द्या आणि आधीचं-नंतरचं संभाषणही ठेवा. पंधरा निवडक मेसेज दिले आणि सोळावा समोरच्यानं काढला की तुमच्या सगळ्याच बोलण्यावर प्रश्नचिन्ह लागतं.

मग विटनेस स्टेटमेंट. इंग्लंड-वेल्समधल्या सुनावणीत सहसा तुम्हाला गोष्ट सांगायला बोलवत नाहीत. न्यायाधीशांनी स्टेटमेंट आधीच वाचलेलं असतं आणि थेट उलटतपासणी सुरू होते. म्हणजे तुमची बाजू मांडायची ती याच कागदावर. घडलं त्या क्रमानं, "मी" करून, आणि प्रत्येक कागदाच्या उल्लेखाला बंडलचा पान क्रमांक. मी लोकांना सांगतो, आधी मराठीत मोठ्यानं बोलून फोनवर रेकॉर्ड करा, मग ते उतरवून भाषांतर करा. इंग्रजीत विचार करून लिहिलं की निम्म्या गोष्टी गळतात.

याच काळात नवी नोकरी शोधत राहा आणि प्रत्येक अर्जाची नोंद ठेवा. नुकसान कमी करायचा प्रयत्न करणं तुमचं कर्तव्य मानलं जातं. नोंद नसेल तर भरपाई कापली जाते.

त्या दिवशी

सुनावण्या सहसा खुल्या असतात. तुमच्या तारखेच्या आधी एक दिवस काढून दुसऱ्या कुणाच्या सुनावणीत मागे जाऊन बसा. वॉटफर्ड, रेडिंग, बर्मिंगहॅम, जवळ असेल तिथे. क्लार्कला सांगितलं की बसू देतात. या एका दिवसानं जेवढी भीती जाते तेवढी दहा लेख वाचून जात नाही.

तुमच्या दिवशी लवकर पोचा. दोन्ही बाजूंना वेगळ्या वेटिंग रूम असतात. क्लार्क येऊन विचारेल, शपथ कुठल्या ग्रंथावर घेणार, की ग्रंथाशिवाय प्रतिज्ञा करणार. दोन्हीला सारखंच वजन आहे. साक्षीदाराच्या टेबलावर बंडलची कोरी प्रत आणि पाण्याचा ग्लास असतो. न्यायाधीश टाइप करत असतात, त्यांच्या बोटांकडे बघत सावकाश बोला. ब्रेकमध्ये, तुमची साक्ष संपलेली नसेल तर, तिच्याबद्दल कुणाशीही बोलायचं नाही, नवऱ्याशी-बायकोशीसुद्धा.

आपल्या भाषेच्या तीन सवयी इथे नडतात. प्रश्न चालू असताना आपण "हं, हो, हो" म्हणतो, म्हणजे "ऐकतोय". समोरचा वकील ते कबुली म्हणून घेतो. प्रश्न पूर्ण होईपर्यंत गप्प राहा. दुसरी, आदरार्थी अनेकवचन: "साहेब म्हणाले, त्यांनी मला बाहेर काढलं" याचं इंग्रजीत अनेक माणसं होऊन बसतं आणि मग "किती जण होते?" यावर अर्धा तास जातो. नाव घेऊनच बोला. तिसरी, "परवा". तो मागचाही असतो आणि पुढचाही, तारीख सांगा. आठवत नसेल तर "आठवत नाही" म्हणा. त्यात कमीपणा नाही, अंदाजानं दिलेलं उत्तर मात्र पुढे अंगाशी येतं.

भारतात परतलेल्यांनी आणि पुण्या-मुंबईतल्या साक्षीदारावर अवलंबून असलेल्यांनी एक लक्षात ठेवावं: परदेशातून व्हिडिओवर साक्ष द्यायची तर त्या देशाची हरकत नाही हे आधी स्पष्ट व्हावं लागतं. ट्रायब्युनलला महिनोन्महिने आधी कळवा. आदल्या आठवड्यात सांगितलं तर साक्ष राहून जाते.

पैसे किती

अन्यायानं काढल्याच्या भरपाईचे दोन भाग. मूळ रक्कम वय, नोकरीची वर्षं आणि आठवड्याचा पगार यांवरून ठरते: २२ ते ४० वयातल्या प्रत्येक पूर्ण वर्षाला एक आठवडा, ४१ पासून दीड, २२ च्या आत अर्धा, जास्तीत जास्त २० वर्षं. आठवड्याच्या पगाराला कमाल मर्यादा असते, एप्रिल २०२५ पासूनच्या वर्षासाठी ती ७१९ पौंड होती, आणि दर एप्रिलला बदलते. दुसरा भाग प्रत्यक्ष नुकसानीचा. नीट चौकशी केली असती तरी नोकरी गेलीच असती असं वाटलं, तर त्या शक्यतेच्या प्रमाणात कपात होते. मालकानं शिस्तीच्या कारवाईबद्दलची आणि तक्रारींबद्दलची अकासची आचारसंहिता पाळली नसेल तर २५ टक्क्यांपर्यंत वाढ, आणि तुम्ही पाळली नसेल तर तेवढीच कपात.

भेदभावात मनस्तापाचेही पैसे मिळतात, 'व्हेंटो' पट्ट्यांनुसार (एका खटल्याच्या नावावरून ओळखले जाणारे भरपाईचे टप्पे). ६ एप्रिल २०२५ पासूनच्या वर्षातल्या दाव्यांसाठी खालची पट्टी १,२०० ते १२,१०० पौंड होती, मधली ३६,४०० पर्यंत, वरची ६०,७०० पर्यंत. बातम्यांतले लाखांचे आकडे फार थोड्यांच्या वाट्याला येतात. तडजोडीचा आकडा समोर आला की हे सगळं कागदावर मांडून तुलना करा, आणि सोबत चांगलं रेफरन्स मागा. पुढच्या नोकरीसाठी त्याचा उपयोग पैशांहून जास्त होऊ शकतो.

व्हिसावर असलेल्यांनो, दावा केला म्हणून व्हिसा जात नाही आणि दावा चालू आहे म्हणून वाढतही नाही. नोकरी गेली की स्पॉन्सर (तुमचा व्हिसा ज्याच्या नोकरीवर आहे तो मालक) होम ऑफिसला, म्हणजे व्हिसा देणाऱ्या सरकारी खात्याला, कळवतो, आणि होम ऑफिसचं पत्र आलं की सहसा ६० दिवसांत नवा स्पॉन्सर किंवा दुसरा मार्ग शोधावा लागतो. ही दोन घड्याळं वेगळी आहेत. इमिग्रेशन स्किल्स चार्ज (परदेशी कामगार आणण्यासाठीचं सरकारी शुल्क) मालकानंच भरायचा असतो. तो तुमच्या पगारातून कापला असेल तर ती पेस्लिप जपून ठेवा.

दावा तुमच्यावर आला असेल तर

स्लाव किंवा हॅरोत पाच-सहा माणसांचं हॉटेल, केअर एजन्सी, दुकान चालवणारे आपले बरेच लोक आहेत. ट्रायब्युनलचं पाकीट बऱ्याचदा कंपनीच्या नोंदलेल्या पत्त्यावर जातं, आणि तो पत्ता अनेकदा अकाउंटंटचा असतो. तिथे ते बाकीच्या टपालाखाली पडून राहतं. उत्तराचा फॉर्म, ईटी३, ट्रायब्युनलनं तुम्हाला दावा पाठवल्याच्या तारखेपासून २८ दिवसांत पोचवावा लागतो. नाही पोचला तर तुमचं न ऐकताच निकाल लागू शकतो. अकाउंटंटला आजच सांगून ठेवा, ट्रायब्युनलचं काही आलं की त्याच दिवशी फोन कर. वेळ अपुरा असेल तर मुदत संपण्याआधी कारणासह वाढ मागा.

पहिल्या दिवशी राग येतो. "घरच्यासारखं ठेवलं आणि हा मोबदला?" हे वाक्य मी प्रत्येक मालकाकडून ऐकलं आहे आणि त्यांचं दुखावणं खोटं नसतं. पण त्या रागात त्या माणसाला फोन करू नका, त्याच्या बिरादरीतल्या कुणाकडून निरोप पाठवू नका, रेफरन्स अडवू नका. भेदभावाची तक्रार केली म्हणून त्रास दिला तर तो स्वतंत्र दावा होतो, आणि मूळ दाव्यात काही नसलं तरी हा सिद्ध होऊ शकतो. व्हॉट्सॲप, रोटा, सीसीटीव्ही, काहीही पुसू नका.

मग दावा मुद्द्यानं मुद्दा वाचा. मुदतीत आला आहे का? दोन वर्षं भरली आहेत का? ज्याला लागू त्याला तो आक्षेप ईटी३ मध्येच घ्या. काढण्याचं कारण कायद्यानं मानलेल्या पाचांपैकी कुठलं ते लिहा: क्षमता, वर्तन, रिडंडन्सी, कायद्याचा अडसर, किंवा दुसरं काही ठोस कारण. फॉर्ममध्ये एक आणि साक्षीत दुसरं कारण आलं की मालक हरतो. जे खरंच चुकलं ते मान्य करा. सुट्टीचे ६०० पौंड राहिले असतील तर आजच देऊन टाका; तो वाद तिथे संपतो आणि बाकीच्या मुद्द्यांवर तुमच्या शब्दाला वजन येतं. भेदभावाच्या दाव्यात लक्षात ठेवा, भेदभाव झाला असावा असं मानायला जागा आहे एवढं कामगारानं दाखवलं की तसं नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. तेव्हा बढती कुणाला का दिली याची त्या वेळची टिपणं नसतील तर आठवणीवर भिस्त ठेवावी लागते, आणि ती तोकडी पडते.

निकालानंतर

निकाल तोंडी दिला असेल तर लेखी कारणं तिथेच किंवा १४ दिवसांत मागा. फेरविचाराचा अर्जही १४ दिवसांत. अपील ४२ दिवसांत, लंडन किंवा एडिनबरोच्या अपील ट्रायब्युनलकडे, आणि फक्त कायद्याच्या चुकीवर. "माझ्यावर विश्वास ठेवला नाही" हे अपिलाचं कारण होत नाही. निकाल नावासकट सरकारी वेबसाइटवर जातो आणि कुणालाही शोधता येतो, हे दोन्ही बाजूंनी दावा लढवायच्या आधीच ध्यानात घ्यावं. तडजोड झाली तर निकालच लागत नाही.

जिंकलेल्या रकमेवर १४ दिवसांत ती भरली नाही तर ८ टक्क्यांनी व्याज चढतं. तरीही मालक पैसे देत नसेल तर इंग्लंड-वेल्समध्ये फास्ट ट्रॅक योजनेतून अंमलबजावणी अधिकारी पाठवता येतो, स्कॉटलंडमध्ये शेरिफ ऑफिसर. काही मालक कंपनीच बंद करायला निघतात. म्हणून दावा दाखल केल्या दिवशीच कंपनीज हाउसच्या साइटवर त्या कंपनीच्या नावानं ईमेल सूचना लावून ठेवा. कंपनी नोंदीतून काढायचा अर्ज आला की तुम्हाला कळेल, आणि तुमचा दावा प्रलंबित आहे एवढं सांगून दाव्याची प्रत जोडून आक्षेप नोंदवता येतो. दिवाळखोरीत निघाली असेल तर थकलेला पगार, सुट्टी आणि मूळ भरपाई यांतला काही भाग सरकारच्या रिडंडन्सी पेमेंट्स सर्व्हिसकडून मिळतो. पगाराचे जास्तीत जास्त आठ आठवडे.